पार्किन्सन्स : थरथरण्याआधी येणारा मंदपणा

माझ्या वडिलांच्या आजाराची पहिली खूण बँकेत सापडली. त्यांनी दिलेला एक धनादेश 'सही जुळत नाही' या शेऱ्यासह परत आला. तीस वर्षे ते तीच सही करत होते. दुसरा धनादेश त्यांनी आमच्यासमोर लिहिला, तेव्हा पहिले अक्षर नेहमीच्या आकाराचे उमटले, त्यापुढचे थोडे लहान, आणि आडनावापर्यंत येईतो अक्षरे मुंगीएवढी होऊन एकमेकांत मिसळून गेली. हात मात्र थरथरत नव्हता. त्याआधीचे वर्षभर उजवा खांदा दुखतो म्हणून शेक, व्यायाम आणि इंजेक्शने चालू होती. चालताना तो हात अंगालगत राहतो, डाव्या हातासारखा झुलत नाही, हे आम्हाला रोज दिसत होते आणि आम्ही ते खांद्याच्या दुखण्यावर ढकलत होतो. आणखी आठ महिन्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांनी पार्किन्सन्सचे निदान केले, तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता : "पण त्यांचा हात कुठे थरथरतो?"

हा प्रश्न फक्त आमच्या घरातला नाही. पार्किन्सन्स म्हणजे हातांचा कंप ही समजूत इतकी पक्की आहे की, कंप नसेल तर आजार ओळखला जात नाही, आणि कंप असला की इतर लक्षणांकडे कोणाचे लक्ष जात नाही. या आजाराचा गाभा आहे तो हालचालींत येणारा मंदपणा. निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही मंदपणा असावाच लागतो. त्याच्या जोडीला कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा यांपैकी एक असले तरी पुरते. सुरुवातीच्या काळात साधारणपणे चारांपैकी एका रुग्णाला कंप नसतो. हे आधी माहीत असते तर आमचे दीड वर्ष वाया गेले नसते, म्हणून हा लेख.

नाव कसे पडले

लंडनमधले डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एक छोटे पुस्तक लिहून या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. त्यात सहा रुग्ण आहेत आणि त्यांतल्या काहींना तर त्यांनी फक्त रस्त्यावर येता-जाता पाहिले होते. पुढे झुकलेले शरीर, चालता चालता नकळत वाढणारा वेग, स्वस्थ बसलेल्या हाताचा कंप हे सगळे त्यांनी केवळ निरीक्षणातून टिपले. आजाराला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ 'कंपयुक्त पक्षाघात' असा होतो. त्यानंतर अर्धशतकाने पॅरिसमधले मेंदूविकारतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी या नावावर आक्षेप घेतला, कारण या रुग्णांना खरा पक्षाघात झालेला नसतो, त्यांची ताकद बरीचशी शाबूत असते, आणि सगळ्यांनाच कंप असतो असेही नाही. म्हणून आजाराला पार्किन्सन यांचेच नाव द्यावे, असे त्यांनी सुचवले. शार्कोंनी मंदपणा आणि ताठरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही दाखवून दिले. आपल्याकडे आयुर्वेदाने दिलेले 'कंपवात' हे नाव रूढ आहे आणि त्यातही नजर कंपावरच जाते.

मेंदूत काय घडते

मध्यमेंदूत दोन्ही बाजूंना काळपट रंगाचा एक लहानसा पट्टा असतो. त्याला सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ, असे नाव आहे. तिथल्या पेशी डोपामाइन नावाचे रसायन तयार करतात आणि लांबलचक तंतूंवाटे ते मेंदूच्या आतल्या, हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांपर्यंत पोहोचवतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. मृत्यूनंतर अशा रुग्णाचा मेंदू कापून पाहिला, तर तो काळा पट्टा फिका पडलेला साध्या डोळ्यांनीही दिसतो.

डोपामाइन नेमके काय करते, हे समजायला पाटाच्या पाण्याचे उदाहरण उपयोगी पडेल. धरणात पाणी आहे, पाट धड आहे, शेतही तयार आहे. पण पाटाचे दार जेमतेम बोटभर उघडते आहे. इथे धरण म्हणजे माणसाची इच्छा, शेत म्हणजे त्याचे स्नायू, आणि दार वर उचलणारा हात म्हणजे डोपामाइन. रुग्णाला उठायचे असते, त्याच्या पायांत ताकद असते, पण हालचालीला जेवढी मोकळीक मिळायला हवी तेवढी मिळत नाही. त्यामुळे हालचाल उशिरा सुरू होते, लहान होते, आणि पुन्हा पुन्हा केली तर आणखी आक्रसत जाते. सहीतली अक्षरे लहान होत जाणे, आवाज बारीक होत जाणे, पावले जवळ जवळ पडणे आणि चेहऱ्यावरचे भाव पुसट होणे ही सगळी त्या एकाच आक्रसण्याची रूपे आहेत. सर्वांत मोठा फटका बसतो तो ज्या हालचाली आपण विचार न करता करतो त्यांना : शर्टाची बटणे लावणे, अंथरुणात कूस बदलणे, चहाची कपबशी हातात धरून चालता चालता बोलणे.

या पेशी का मरतात, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. काही धागे मात्र हाती आहेत. मरणाऱ्या पेशींमध्ये एक प्रकारचे गोळे साचलेले असतात. जर्मनीत काम करणाऱ्या फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ साली ते प्रथम पाहिले, म्हणून त्यांना लेवी बॉडी म्हणतात. हे गोळे प्रामुख्याने अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाचे बनलेले असतात, हे १९९७ साली कळले. त्याच वर्षी हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकातला एक दोष इटलीत मूळ असलेल्या एका मोठ्या कुटुंबात सापडला आणि काही घराण्यांत हा आजार आनुवंशिक असू शकतो, हे सिद्ध झाले. तरीही बहुतेक रुग्णांच्या कुटुंबात दुसऱ्या कोणालाही तो झालेला नसतो. बाहेरच्या विषारी द्रव्यांचाही हात असू शकतो. १९८२ साली कॅलिफोर्नियात नशेसाठी बेकायदा बनवलेले एक द्रव्य टोचून घेतलेले काही तरुण अवघ्या काही दिवसांत पार्किन्सन्सच्या रुग्णासारखे जखडून गेले. त्या द्रव्यात मिसळलेल्या एमपीटीपी या रसायनाने नेमका तो काळा पट्टा नष्ट केला होता. काही कीटकनाशकांशीही या आजाराचा संबंध आढळला आहे, आणि शेतात फवारणी करणाऱ्यांनी हातमोजे व मास्क वापरण्याला हे आणखी एक कारण आहे.

वय हा सर्वांत ठळक घटक आहे. साठीनंतर साधारण शंभरातल्या एकाला हा आजार होतो, पण चाळिशीत आणि त्याआधी सुरू झालेलेही रुग्ण आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन्स होता. मुंबईतल्या पारशी समाजाची घरोघर पाहणी करून १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले होते. या समाजात वृद्धांचे प्रमाण पुष्कळ जास्त असल्याचा त्यात मोठा वाटा होता.

आधी दिसणाऱ्या खुणा

हालचालींतली लक्षणे दिसू लागतात तोवर त्या काळ्या पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. म्हणजे आजार आत कितीतरी वर्षे आधीपासून चाललेला असतो. त्या काळातल्या काही खुणा आता चांगल्या परिचयाच्या झाल्या आहेत. वास कमी येणे ही त्यांपैकी एक. फोडणी करपली तरी कळत नाही, हिंगाचा डबा नाकाशी धरला तरी काही जाणवत नाही, आणि माणूस ते वयावर ढकलून मोकळा होतो. जुनाट बद्धकोष्ठ ही दुसरी. तिसरी खूण झोपेतली आहे आणि ती बहुधा जोडीदारालाच ठाऊक असते : स्वप्न पडताना आपले स्नायू एरवी शिथिल असतात, पण या माणसांचे ते तसे राहत नाहीत, त्यामुळे ती स्वप्नातल्या भांडणात खरोखर हातपाय झाडतात, ओरडतात, कधी पलंगावरून पडतात. सततची उदासी, निष्कारण चिंता आणि एका खांद्याचे न बरे होणारे दुखणे यांचीही यात भर घालायला हवी.

इथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. बद्धकोष्ठ किंवा कमी झालेला वास यांपैकी एखादी गोष्ट असलेल्या बहुसंख्य माणसांना पार्किन्सन्स कधीच होत नाही. या खुणा एकत्र येऊ लागल्या आणि त्यांच्या जोडीला एका बाजूचा हात किंवा पाय मंदावला, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवणे लांबवू नये. 'एका बाजूचा' या शब्दांवर मी मुद्दाम भर देतो आहे. पार्किन्सन्स जवळजवळ नेहमी एका अंगाने सुरू होतो आणि पुढे दुसऱ्या अंगाला पसरला तरी पहिल्या अंगाची बाजू जास्त बाधित राहते.

तपासणीच्या खोलीत

निदान बव्हंशी डॉक्टरांच्या डोळ्यांनी आणि हातांनी होते. वडिलांना पाहणाऱ्या डॉक्टरांनी सुरुवातीची काही मिनिटे कोणतेही उपकरण हातात घेतले नाही. वडील दारातून आत येताना त्यांची चाल पाहिली, वळायला किती पावले लागतात ते मोजले. मग अंगठा आणि तर्जनी शक्य तितकी फाकवून भराभर एकमेकांवर आपटायला सांगितली. डाव्या हाताची चिमूट उघडत-मिटत राहिली. उजव्या हाताची पहिल्या चार-पाच वेळा नीट उघडली, नंतर प्रत्येक वेळी थोडी कमी, आणि शेवटी बोटे एकमेकांना चिकटल्यासारखी जागच्या जागी हलू लागली. "हेच मला पाहायचे होते," असे म्हणून त्यांनी उजवे मनगट हातात घेऊन गोल फिरवले आणि आम्हालाही ते धरून पाहायला लावले. दातेरी चाक फिरवावे तसे मनगट टप्प्याटप्प्याने अडखळत फिरत होते. हाच तो ताठरपणा.

कंप असलाच, तर तोही विशिष्ट प्रकारचा असतो. हात मांडीवर स्वस्थ टेकलेला असताना, सेकंदाला चार ते सहा वेळा, अंगठा तर्जनीवर तंबाखू चोळल्यासारखा फिरत राहतो. आणि तोच हात पेला उचलायला पुढे झाला की कंप बहुधा थांबतो. याउलट पाणी पिताना, लिहिताना, निरांजन धरताना दोन्ही हात थरथरतात पण स्वस्थ बसल्यावर शांत होतात, अशा माणसाला बहुतेक वेळा 'इसेन्शियल ट्रेमर' नावाचा वेगळा विकार असतो. तो पार्किन्सन्सपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो आणि त्याची औषधेही निराळी असतात.

एमआरआय कशासाठी काढतात, हा प्रश्न बरेच जण विचारतात. पार्किन्सन्समध्ये नेहमीचा एमआरआय सहसा सर्वसाधारण येतो. लहान लहान पक्षाघात, मेंदूतल्या पोकळ्यांत साचलेले पाणी किंवा गाठ अशी दुसरी कारणे वगळण्यासाठी तो काढला जातो. शंका उरली, तर डोपामाइनच्या तंतूंची टोके किती उरली आहेत हे दाखवणारा ट्रोडॅट नावाचा स्कॅन भारतातल्या मोठ्या केंद्रांत करतात. मात्र पार्किन्सन्स आणि त्याच्यासारखे दिसणारे, अधिक वेगाने वाढणारे काही विकार यांतला फरक या स्कॅनवरून कळत नाही. तो कळतो रुग्णाच्या वाटचालीवरून. पहिल्या एक-दोन वर्षांतच वारंवार पडणे, सुरुवातीलाच रक्तदाब कोसळून चक्कर येणे, नजर खाली वळवता न येणे, किंवा पार्किन्सन्सवरचे मुख्य औषध लेव्होडोपा योग्य मात्रेत देऊनही त्याचा काहीच उपयोग न होणे ही निदानाचा फेरविचार करण्याची कारणे असतात. चाळिशीच्या आतला रुग्ण असेल, तर शरीरात तांबे साठवणाऱ्या विल्सन्स आजाराची तपासणी करावी लागते, कारण तो वेळीच सापडला तर त्यावर खात्रीचे औषध आहे.

औषधांमुळे होणाऱ्या पार्किन्सन्ससदृश विकाराबद्दल मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण तो टाळता येतो. चक्कर येते म्हणून सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, उलटी थांबावी म्हणून मेटोक्लोप्रमाइड, मनोविकारांसाठी हॅलोपेरिडॉलसारखी औषधे : ही डोपामाइनचे काम अडवू शकतात. आपल्याकडे जुन्या चिठ्ठीवर महिनोन्महिने गोळ्या आणून घेण्याची सवय आहे. पाच दिवसांसाठी दिलेली चक्करेची गोळी दोन वर्षे चालू राहते आणि आजी हळूहळू जखडत जाते. अशी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुष्कळ रुग्ण पूर्ववत होतात. म्हणून पहिल्या भेटीला जाताना घरातली झाडून सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यावीत.

लेव्होडोपाची गोष्ट

या औषधाच्या शोधाची एक वाट मुंबईतून जाते. सर्पगंधेचे मूळ रक्तदाबावर गुणकारी ठरते, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमधल्या लेखातून जगापुढे मांडले. त्या मुळातून वेगळे काढलेले रिसर्पीन हे द्रव्य मग जगभर वापरले जाऊ लागले, आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांत पार्किन्सन्ससारखा जडपणा आढळला. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रिसर्पीन दिले, तेव्हा ससे निश्चल होऊन पडले. आणि डोपा हे द्रव्य, ज्यापासून शरीर डोपामाइन बनवते, टोचताच ते पुन्हा हिंडूफिरू लागले. व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी १९६० साली पार्किन्सन्सच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन फार कमी असल्याचे दाखवले आणि पुढच्याच वर्षी रुग्णांना लेव्होडोपा, म्हणजे डोपाचेच एक रूप, टोचून पाहण्यात आले. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी ते तोंडावाटे, हळूहळू मात्रा वाढवत देण्याची पद्धत बसवली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

डोपामाइनच थेट का देत नाहीत? रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्यातून ते आत जाऊ शकत नाही. लेव्होडोपा जाते आणि आत गेल्यावर तिचे डोपामाइन होते. तिच्यासोबत गोळीत कार्बिडोपा असते. वाटेतच, मेंदूबाहेर, डोपामाइन तयार होऊन मळमळ होऊ नये, हे तिचे काम. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी मंदपणावर याहून प्रभावी गोळी निघालेली नाही. ती आजार थांबवत नाही. पाटाचे दार काही तास वर उचलून धरते.

या गोळीबद्दलचा एक गैरसमज रुग्णांचे खरोखर नुकसान करतो. "लेव्होडोपा लवकर सुरू केली तर तिचा असर लवकर संपतो, म्हणून जमेल तितके दिवस टाळावी," असे अनेकांना वाटते. घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना करणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. घानातल्या रुग्णांना औषध बऱ्याच उशिरा मिळाले होते, तरी गोळीचा असर मध्येच ओसरणे आणि अंग नकळत वळवळणे हे त्रास दोन्ही देशांत आजाराच्या साधारण त्याच वर्षी सुरू झाले. म्हणजे हे त्रास आजार किती पुढे गेला आहे आणि मात्रा किती मोठी आहे यांवर अवलंबून असतात. गोळी किती वर्षे घेतली यावर तितके नसतात. रोजची कामे अडू लागली असतील, तर केवळ भीतीपोटी चांगली वर्षे गमावण्यात अर्थ नाही.

घड्याळ

पहिली काही वर्षे दिवसाला तीन गोळ्या पुरतात आणि दिवस एकसारखा जातो, कारण उरलेल्या पेशी औषध साठवून ठेवतात. पुढे ही साठवण घटते आणि रुग्णाचा दिवस गोळीबरोबर चढू-उतरू लागतो. आमच्या घरात "गोळी लागली का?" आणि "गोळी उतरली" ही रोजची वाक्ये झाली. डॉक्टर या अवस्थांना 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात. अशा वेळी मात्रा लहान करून गोळ्यांची संख्या वाढवतात, असर लांबवणारी एन्टाकॅपोनसारखी औषधे जोडतात. त्या औषधाने लघवी गडद केशरी होते. आधी सांगितले नसेल तर माणूस घाबरतो.

जेवणाचाही संबंध येतो. प्रथिने पचून तयार होणारी अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा आतड्यातून व मेंदूच्या पडद्यातून एकाच वाटेने आत जातात, त्यामुळे त्यांच्यात चढाओढ होते. वाटीभर घट्ट वरण, उसळ, पनीर किंवा मोठा पेला दूध यांच्याबरोबर घेतलेली गोळी पुष्कळदा लागतच नाही. साधारण अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासा-दीड तासाने, पाण्याबरोबर गोळी घेणे बरे. सुरुवातीला मळमळत असेल, तर सोबत एखादे बिस्कीट चालते. प्रथिने बंद करणे मात्र चुकीचे आहे, कारण या आजारात वजन आणि स्नायू आधीच घटत असतात. भर फक्त वेळा सांभाळण्यावर द्यायचा.

वेळ चुकली तर काय होते, ते आम्ही एका रुग्णालयात पाहिले. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी वडील दाखल होते. वॉर्डाच्या ठरलेल्या फेरीत गोळ्या वाटल्या जात, त्यामुळे सहाची गोळी नऊला मिळाली. साडेआठ वाजता ते कुशीवर वळू शकत नव्हते, तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि एका परिचारिकेला वाटले की त्यांना पक्षाघात झाला. त्यानंतर आईने एका कागदावर औषधांच्या वेळा मिनिटांसह मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवल्या आणि खाली लिहिले : "उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नये." प्रत्येक कुटुंबाने असा कागद तयार ठेवावा. लेव्होडोपा एकदम बंद करणे धोक्याचे असते. तीव्र ताप, लाकडासारखा ताठरपणा आणि बेशुद्धी अशी जिवावर बेतणारी अवस्था त्यातून येऊ शकते.

खाजकुयलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या चूर्णाबद्दल हमखास विचारले जाते. त्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते, हे खरे आहे. अडचण अशी की, कोणत्या चूर्णात ती किती आहे याचा भरवसा नसतो, आणि गोळ्यांच्या जोडीला ते घेतल्यास एकूण मात्रा किती झाली हे कोणालाच कळत नाही. घ्यायचेच असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना सांगून घ्यावे. गोळ्या सोडून घेऊ नये.

इतर औषधे आणि शस्त्रक्रिया

रसाजिलीन सौम्य असते आणि सुरुवातीला उपयोगी पडते. अमँटाडिन अंगाची वळवळ कमी करते. ट्रायहेक्सिफेनिडिल कंपावर चालते, पण सत्तरीच्या माणसाला त्याने भ्रम आणि विसराळूपणा येऊ शकतो. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही डोपामाइनची नक्कल करणारी औषधे चांगली आहेत, मात्र त्यांच्या एका दुष्परिणामाविषयी घरात उघडपणे बोलले जायला हवे. काही रुग्णांत त्यांमुळे जुगार, बेसुमार खरेदी, सतत खाणे किंवा लैंगिक वासना यांवरचा ताबा सुटतो. आयुष्यभर काटकसर केलेला माणूस ऑनलाइन लॉटरीत पैसे घालवू लागतो आणि लाजेपोटी कुटुंब डॉक्टरांना काहीच सांगत नाही. हा चारित्र्याचा दोष नाही. औषधाची मात्रा कमी केली की वागणे बहुतेक वेळा पूर्वपदावर येते. ही मात्रादेखील डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची असते.

मेंदूच्या खोल भागात तारा बसवून विद्युत्स्पंद देण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समधल्या ग्रनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली सुरू केली. आज तिला डीबीएस म्हणून ओळखतात आणि मुंबई-पुण्यातही ती होते. छातीवर, गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरी बसवतात आणि कातडीखालून तारा डोक्यापर्यंत नेतात. खर्च अनेक लाखांत जातो. ही शस्त्रक्रिया कोणाला लाभेल, हे ठरवायचा ढोबळ नियम असा : जे त्रास लेव्होडोपाने सुधारतात, पण असर टिकत नाही म्हणून परत येतात, ते तिने सुधारतात. कंप याला अपवाद आहे. गोळीला न जुमानणारा कंपही तिने कमी होऊ शकतो. गोळी लागलेली असतानाही जाणारा तोल, बोबडे बोलणे आणि स्मृतिभ्रंश यांवर मात्र तिचा उपयोग होत नाही. मूलपेशी टोचून पार्किन्सन्स बरा करण्याच्या जाहिराती सर्रास दिसतात. त्या दिशेचे गंभीर संशोधन अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहे, तेव्हा पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या अशा 'उपचारां'पासून दूर राहावे.

घरातले उपचार

व्यायाम हा गोळीइतकाच आवश्यक उपचार आहे आणि तो मोठ्या हालचालींचा हवा : लांब ढांगा टाकणे, हात मुद्दाम झुलवणे, जोरात म्हणणे-वाचणे. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले आहेत. संगीताच्या ठेक्यावर अडखळते पाऊल सुटते, यामागे शास्त्र आहे. आपोआप होणाऱ्या हालचालींचा रस्ता खचला असला तरी लक्ष देऊन, बाहेरच्या खुणेच्या आधाराने केलेल्या हालचालींचा रस्ता पुष्कळसा शाबूत असतो. वडिलांचे पाय स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी जमिनीला खिळल्यासारखे होत. फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून आईने तिथे फरशीवर एकेका पावलाच्या अंतरावर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. पट्टी ओलांडायची म्हटले की पाय उचलला जाई. पट्ट्या नसलेल्या ठिकाणी आम्ही मोठ्याने "एक, दोन" म्हणत असू. अशा वेळी हात धरून ओढणे सर्वांत वाईट, कारण धड पुढे जाते आणि पाय मागे राहतात.

घरच्यांना सर्वांत जड जातो तो हाच मंदपणा. चेहऱ्यावर भाव नाहीत म्हणून माणूस रागावलेला वाटतो, उत्तर उशिरा येते म्हणून त्याचे लक्ष नाही असे वाटते, आंघोळीला पाऊण तास लागतो म्हणून आळशी वाटतो. काल सकाळी स्वतः जिना चढलेला माणूस आज दुपारी ताटावरून उठत नाही, तेव्हा 'मुद्दाम करतात' असे शब्द तोंडून निघतात. आमच्याही निघाले. गोळी लागलेली असणे आणि उतरलेली असणे यांत एवढा फरक पडू शकतो, हे कळायला आम्हाला फार वेळ लागला. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. आई तिथे गेली तेव्हा इतर घरांतही हेच शब्द निघतात, हे तिला पहिल्यांदा कळले आणि ती मोकळेपणाने रडली. मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीही असे आधारगट चालवते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत पार्किन्सन्सचा समावेश आहे. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तर अनेक सवलती लागू होतात. ही माहिती फार थोड्या रुग्णांपर्यंत पोहोचलेली असते.

दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी वडिलांना बँकेत जावे लागते. आता आम्ही नऊची गोळी झाल्यावर, दहाच्या सुमारास निघतो. रेघांच्या वहीत मोठी अक्षरे गिरवण्याचा सराव ते रोज करतात आणि बँकेने त्यांच्या नव्या सहीचा नमुना नोंदवून घेतला आहे. खिडकीपाशी ते पेन हातात घेतात, क्षणभर थांबतात, ओठांतल्या ओठांत "मोठे, मोठे" म्हणतात आणि मग लिहू लागतात. त्याला दोन मिनिटे लागतात. मागे उभ्या असलेल्या माणसाला मी तेवढे थांबायची विनंती करून ठेवलेली असते.